अर्धेलीची रेशमी कोंबडी

माझा माझ्या भाटव्यांवर जळफळाट होता. भाटवे म्हणजे आमच्याकडे मोठ्या बहिणीचा नवरा. पहिल्याच ओळीत हे लिहून टाकतो, कारण आमच्या चळवळीतल्या मंडळींना असल्या गोष्टीला 'मतभेद' म्हणायची सवय आहे. आमच्यात कसलेही मतभेद नव्हते. भाटवे भले गृहस्थ. दारू नाही, जुगार नाही, ताईवर कधी आवाज चढवला नाही, आणि आमची पत्रकं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे जे थोडे लोक नागपुरात होते, त्यांतले ते एक. तरीही लकडगंजातल्या त्यांच्या अंगणात माझी कोंबडी त्यांच्या मांडीवर बसलेली दिसली की माझ्या पोटात आग पडायची. का पडू नये? कोंबडी माझी होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि मी विशीत होतो. सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे आमची वस्ती. वस्तीला नळ पुरत नव्हते, रेशनच्या दुकानात साखर आली त्याच दिवशी संपायची, आणि यावर पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइल काढायचं, पिशवी सायकलच्या हँडलला अडकवायची आणि दारोदार हिंडायचं. असाच एकदा रेल्वेच्या क्वार्टरांत गेलो. एका क्वार्टरच्या मागच्या दारी तीन पांढरी जनावरं माती उकरत होती. आधी मला ते ससे वाटले. मग त्यांतलं एक आरवलं.

घरात एक अँग्लो-इंडियन म्हातारी सामान बांधत होती. मुलाकडे परदेशी कायमची निघाली होती. माझं पत्रक तिनं न वाचताच खुर्चीवर ठेवलं.

"मुर्गी पालते हो?"

"माँ पालती है."

"काटोगे तो नहीं?"

"नहीं."

"कसम खाओ."

"मैं कसम नहीं खाता. नहीं बोला तो नहीं."

तिनं मला जरा न्याहाळलं, आणि एक नर अन् दोन माद्या टोपलीत घालून माझ्या हवाली केल्या.

इंग्रजीत त्यांना सिल्की म्हणतात. आम्ही रेशमी म्हणू लागलो. इतर कोंबड्यांसारखी ताठ पिसं त्यांना नसतात. सावरीचं बोंड फुटल्यावर कापूस सुटतो ना, तसा अंगभर मऊ कापूस. डोक्यावर त्याचाच गोंडा. पायाला चारऐवजी पाच बोटं. आणि फुंकर मारून तो कापूस बाजूला केला की खाली कातडी काळी, जांभळाच्या रंगाची. उडता येत नाही, म्हणून दांडीवर न बसता जमिनीवरच एकमेकींना चिकटून बसतात. पावसाचं पाणी अंगावरून ओघळत नाही, आत मुरतं. मग कुडकुडतात, फडक्यानं पुसून कोरडं करावं लागतं. मी करायचो. माय वस्तीभर सांगत सुटली.

"माहा पोट्टा नळासाठी मोर्चे काढते, अन् घरी येऊन कोंबड्याले टावेलानं पुसते. बापाचे पाय कधी पुसले नाही यानं!"

आमचे कार्यकर्ते त्याहून वाईट. बैठकीला मला उशीर झाला की एकजण हमखास म्हणायचा, "काय बे, क्रांती अंड्यावर बसली होती काय?" आणि दुसरा लगेच, "हळू बोल गा, पिल्लं दचकतीन."

बोलू दे. घरात माझं म्हणावं असं दुसरं काय होतं? खाट वडिलांची, सायकल काकांची, कागद आणि शाई चळवळीची. ही तीन पाखरं मात्र माझी. मला त्यांची पैदास करायची होती. शुद्ध, पांढरी, पाच बोटांची. सक्करदऱ्यात कुणी कुणाला रस्ता सांगताना 'त्या रेशमी कोंबड्यावाल्या पोट्ट्याच्या घरापासून उजवीकडे' असं म्हणावं, एवढीच माझी इच्छा. ती काही फार मोठी नव्हती.

पहिल्याच पावसाळ्यात एक मादी मुंगसानं नेली. उरले एक नर, एक मादी. थोड्याच दिवसांत ती मादी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून उबवायला बसली. रेशमीइतकी बसकी कोंबडी दुसरी नाही. खाली गोटा ठेवला तरी ती त्याला ऊब देईल. मी गवत घातलं, तिचीच अंडी तिच्याखाली सरकवली आणि दुसऱ्या दिवशी नळाच्या प्रश्नावर घेराव होता म्हणून गेलो. संध्याकाळी आलो तर खुराड्यात नर एकटाच.

"माय, कोंबडी कुठं हाये?"

"जवाईबापू आलते," माय भाकर थापता थापता म्हणाली. "त्याइले भल्ली आवडली. अर्धेलीनं मागतली. देऊन टाकली. अंडेही देले, कोंड्यात घालून."

"मले न विचारता?"

"जवायाले काय म्हणू मी? थांबा, पोट्ट्याले विचारतो? काहीही बोलते! तिकडं पक्की भिंत हाये, मुंगूस नाही. इथं राहिली असती तं हेही गेली असती."

"माही कोंबडी होती ना, माय."

"अन् जवाई कोनाचे हायेत? आपलेच न?"

जावई ही काय चीज आहे यावर कुणी तरी एकदा पत्रक काढायला हवं. मुलगा दिवसभर उन्हात हिंडून आला तर त्याला विचारतात, आज कुठं उंडारला? जावई सायकलवरून उतरला की तांब्या घेऊन अख्खं घर दारात. त्यानं ताटात जरा भाजी टाकली तर भाजी वाईट. मी टाकली तर मी वाईट. जमीनदारी गेली म्हणतात. आमच्या घरात ती दर सणाला जेवायला यायची, आणि चारचौघांत बसून मोठ्या प्रेमानं माझी विचारपूस करायची.

अर्धेली ही आमच्याकडची जुनी रीत. शेळी किंवा कोंबडी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, आणि होतील ती पिल्लं निम्मी निम्मी. मूळ जित्राब मालकाचंच राहतं. मी शेतीच्या बटईविरुद्ध, म्हणजे निम्म्या पिकावर जमीन कसायला देण्याविरुद्ध, कडक भाषेत लिहीत होतो, त्यामुळे बैठकीत ही बातमी पोचली तेव्हा माझी सालटीच निघाली.

"कसेल त्याची जमीन," एक कार्यकर्ता हाताची मूठ वर करून म्हणाला, "तं पोशील त्याची कोंबडी! बोल, तुले मान्य हाये का नाही?"

"कोंबडी म्हणजे उत्पादनाचं साधन नाही," मी म्हणालो.

"मंग अंडं काय हाये बे?"

सगळे हसले. पण जमीन कुणी टॉवेलानं पुसत नाही, एवढं मला कळतं.

मी आठवड्याला लकडगंजला जाऊ लागलो. पत्रकं वाटायला, असं घरी सांगायचो. भाटवे एका आरामशिनीवर, म्हणजे लाकूड कापायच्या गिरणीत, कामाला होते आणि मशिनीच्या मागच्या अंगालाच त्यांचं घर. अंगणाला चहूबाजूंनी उंच भिंत, खाली सागवानाच्या भुश्शाचा मऊ थर. त्यांनी फळ्या ठोकून कोंबडीला पेटी केली होती, माझ्या खुराड्याच्या दुप्पट. कोपरे रंध्यानं घासलेले, तिच्या पायाला कुसळ लागू नये म्हणून. मी त्या पेटीत खोट काढायला गेलो आणि सापडली नाही. किती राग यावा माणसाला!

सहा पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडाएवढी, पिवळसर पांढरी. मी हुडकेश्वरकडच्या शेतांत जाऊन वाळवी लागलेली ढेकळं डब्यात भरून आणायचो, कारण पिल्लांना वाळवीसारखं दुसरं खाणं नाही. सायकल मारत सगळं नागपूर ओलांडून मी ती ढेकळं लकडगंजात पोचवायचो. आणि तिथं काय? भाटवे ढेकूळ स्वतःच्या तळहातावर फोडायचे, आणि माझ्या कोंबडीची पिल्लं मी आणलेली वाळवी त्यांच्या हातावर चढून खायची.

"ये न साळेबुवा, तूही घे हातावर," ते म्हणायचे.

मी हात पुढे केला की पिल्लं आईच्या पोटाखाली पळायची.

"नवा हात हाये," ताई म्हणायची. "रोज येत जाय, मंग ओळखतीन."

रोज! जणू मी पाहुणा आणि ते मालक.

त्या रेशमी पाहायला गल्लीतले लोक येऊ लागले. लाकडाचे व्यापारी, हमाल, मशिनीवर हिशेबाला येणारे मुनीम. एक दिवस मी पायरीवर बसलो होतो आणि एक व्यापारी भाटव्यांना म्हणाला, "क्या चीज रखी है आपने! पूरे लकडगंज में नहीं मिलेगी."

"माझी आहे ती," मी म्हणालो.

त्यानं माझी सायकल पाहिली, माझी पिशवी पाहिली, आणि भाटव्यांना विचारलं, "ये कौन?"

"साळा है मेरा," भाटवे म्हणाले. "इसीने लाई है. मैं तो सिर्फ सँभालता हूँ."

किती सरळ बोलले! खोटं बोलले असते तर मला भांडता आलं असतं. व्यापारी मात्र जाताना त्यांनाच म्हणाला, "अंडा देना भाई, हमको भी."

पिल्लं मोठी झाली, आईनं त्यांना टोचून दूर करायला सुरुवात केली, म्हणजे वाटणीची वेळ आली. आमच्या वस्तीत वाटणीचा नियम असा: ज्यानं पोसलं त्यानं दोन भाग करायचे, आणि ज्याची कोंबडी त्यानं त्यांतला एक उचलायचा. वाटणाऱ्याला लबाडी करता येत नाही, कारण आधी उचलणारा दुसरा असतो. मी आयुष्यात इतक्या सभांना गेलो, इतके ठराव ऐकले, पण याहून न्याय्य नियम ऐकला नाही. त्या नियमानंच मला बुडवलं.

गावठी कोंबडीची पिल्लं आईपासून सुटतात तोवर नराचा तुरा लाल होऊ लागतो. नर कोण, मादी कोण, आंधळ्यालाही कळतं. म्हणून वाटणी त्याच वेळी करायची रीत पडली. रेशमीचं तसं नाही. तिचा तुरा म्हणजे गोंड्याखाली दडलेली एक गाठ. सात-आठ महिन्यांची होऊन आरवेपर्यंत किंवा अंडं घालेपर्यंत कित्येकदा पत्ता लागत नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मायला नाही, ताईला नाही, भाटव्यांना नाही, मला नाही. आम्ही गावठीच्या पंचांगानं रेशमीची वाटणी करायला बसलो.

माय खास आली होती. भाटव्यांनी दोन डालगी मांडली आणि तीन तीन पिल्लं घातली.

"हे असे काहून लावले?" मी विचारलं.

"हे तिघं सोबत राहतात," ते म्हणाले. "अन् हे तिघं सोबत. दोस्ती काहून तोडावं?"

एका डालग्यातली तिघं अंगानं भरलेली, धीट, माना वर काढून इकडं तिकडं पाहणारी. दुसऱ्यातली तिघं एकमेकांच्या पोटात तोंड खुपसून बसलेली. मी वाकून दोन्हीकडं पाहिलं. मग भाटव्यांकडं पाहिलं. त्यांची नजर धीट तिघांवर होती. मला वाटलं, कळलं! यांचा जीव त्यांच्यात अडकला आहे. मोठी केली ती तीच, जास्त खाऊ घातलं ते त्यांनाच.

"मले हे पाहिजे," मी धीट तिघांवर हात ठेवला.

भाटव्यांचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं, की सांगता येत नाही.

"ने," ते म्हणाले. "तुयाच हायेत."

मूळ कोंबडी नियमानं माझी, तीही घेऊन निघायचं मी ठरवलं होतं. पेटीशी गेलो तर ती पुन्हा बसलेली. ताईच्या सासूनं तिच्याखाली गावठी अंडी ठेवली होती.

"बसल्या कोंबडीले उठवतेत काय गा?" मायनं माझा हात धरला. "पाप लागीन. उतरली का घेऊन जाजो."

पापपुण्य मी मानत नाही. पण बसलेली कोंबडी उठवत नाहीत, हे मलाही मान्य होतं. अंडी कुणाचीही असोत. मी तिला तिथंच सोडली, आणि पुढं जेव्हा जेव्हा न्यायला गेलो तेव्हा ती कुणाच्या तरी अंड्यांवर बसलेलीच असायची.

होळीच्या सुमारास माझ्या तिघांतला एक आरवला. ठीक आहे, म्हटलं, एक नर तर असणारच. मग दुसरा आरवला. तिसऱ्यावर माझी सगळी भिस्त होती. त्याला मी वेगळा ठेवला, जास्त ज्वारी घातली, त्याचा गोंडा गोल आहे असं स्वतःला समजावलं. एका सकाळी तो खुराड्याच्या छपरावर कसाबसा चढला, मान ताणली आणि असा आरवला की शेजारची म्हातारी म्हणाली, "झालं! आता चार बांगा झाल्या तुमच्या घरात."

लकडगंजात तिघी अंडी घालत होत्या.

मी सायकल काढली आणि थेट गेलो. भाटवे जेवत होते.

"तुम्हाले माहीत होतं," मी दारातूनच म्हणालो.

"काय माहीत होतं?"

"तिन्ही नर हायेत ते. माह्या डालग्यातले तिन्ही. म्हणून वेगळे लावले तुम्ही."

भाटव्यांचा घास हातात राहिला. मग ते हसू लागले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

"अरे बाबू, मले माहीत असतं तं मी एकाएका डालग्यात नर-मादी सारखे लावले नसते काय? मले तिघी माद्या घेऊन काय करता येते? माह्याजवळ एक कोंबडा नाही! शेजाऱ्याचा गावठी सोडला, तं पिल्लं निघाले असे कडक पिसाचे, रेशमीचा मागमूस नाही. तूच मले एक दे न."

"याइनं दोस्ती पाहून लावले," ताई भाकर वाढत म्हणाली, "अन् तू भारी पाहून उचलले. आता कायले भांडून राहिला? जेव."

मी जेवलो नाही. कडक पिसाची पिल्लं निघाली, हे ऐकून मला झालेला आनंद मात्र घरापर्यंत पुरला.

पुढच्या सणाला भाटवे आमच्याकडे आले आणि त्यांनी मायसमोर पुन्हा विषय काढला. "चारपैकी एक नर मले द्या. तुमच्या कामाचे नाहीत ते."

"न्या न जवाईबापू, त्यात काय," माय म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

आमच्या घरात जावयाला नाही म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. वडिलांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"काय म्हणतलं?" मायनं विचारलं.

"नाही म्हणतलं. नर माहे हायेत. वाटणीत आलेले हायेत."

"जाऊ द्या न," भाटवे घाईघाईनं म्हणाले. "त्याची मर्जी."

ते गेल्यावर माय माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, की चार कोंबडे फुकट पोसायला ती काही धर्मशाळा चालवत नाही.

मे महिन्यात ती मूळ कोंबडी गेली. नागपूरचं ऊन आणि वर तिची बसायची खोड. ताई सांगत होती, भाटवे दिवसातून कितीदा तरी तिला उचलून पाण्याशी न्यायचे, ओलं पोतं पेटीवर टाकायचे. ती दोन घोट घ्यायची आणि परत जाऊन बसायची. एका दुपारी बसल्या जागी मान टाकली. निरोप आला तेव्हा मी गेलो. त्यांनी पेरूखाली खड्डा केला होता, आणि खड्ड्याशेजारी उकिडवे बसून ते रडत होते. एवढा मोठा बाप्या, आरामशिनीवर ओंडके फिरवणारा, गमछा तोंडाला लावून रडत होता. ताई त्यांची पाठ चोळत होती.

कोंबडी माझी होती. म्हातारीनं माझ्याकडून शब्द घेऊन मला दिली होती. रडायचं तर मी रडायला हवं होतं. पण ते आधीच रडत होते, आणि त्यांच्याशेजारी उभं राहून त्यांच्याच गोष्टीसाठी रडायचं मला जमेना. मी माती लोटली आणि हात धुतले.

"तुले काहीच नाही वाटत काय गा?" ताईनं विचारलं.

पाऊस लागायच्या आत आमच्याकडे चुलतभावाच्या लग्नाची मंडळी उतरणार होती. मायनं जाहीर केलं, की त्या जेवणाला दोन कोंबडे लागतील आणि ते बाजारातून आणायचे नाहीत. ती खुराड्याकडं पाहत बोलत होती. मी म्हातारीला 'नहीं' म्हणालो होतो. पण घरात किती दिवस पहारा देणार? आणि पहारा देऊन तरी काय? चार नर म्हातारे होऊन मरतील आणि रेशमी सक्करदऱ्यातून संपेल. लकडगंजात मात्र तिघी जिवंत. कुणा दुसऱ्याकडून नर मिळाला की झालं, वंश त्यांच्या नावावर. मी चार नरांतला सर्वांत चांगला उचलला, पिशवीत घातला आणि निघालो.

भाटवे अंगणात होते. मी पिशवी खाली ठेवली.

"एक नर देतो. एक तलंग द्या. बदला." तलंग म्हणजे तरणी कोंबडी. "अर्धेली नाही, काही नाही. बरोबरीचा व्यवहार."

"अरे, असंच ने ना. व्यवहार कायचा?"

"असंच नाही नेणार मी."

त्यांनी मान हलवली. "बरं. पाह्य तुले कोणती पाहिजे ते."

तिघी भुश्शात लोळत होत्या. यावेळी मी घाई केली नाही. एकेकीला उचलून पाहिलं. एकीच्या पायाचं पाचवं बोट अर्धवट. एकीच्या पंखात ताठ पिसाची काडी. तिसरी निर्दोष. बोटं पाचही सरळ, कातडी काळीशार, गोंडा इतका गोल की डोळे दिसू नयेत. मी तिच्याकडं वळेपर्यंत ती भाटव्यांपाशी गेली, त्यांच्या मांडीवर चढली आणि शर्टाचं बटण टोचू लागली. रोजची सवय असावी; त्या बटणाचा दोरा सुटलेला होता.

"हे," मी म्हणालो.

"ते नको गा." भाटवे पटकन बोलून गेले. मग जरा थांबून, हळू, "त्या दोघीतली ने. दोघी ने पाहिजे तं. हे राहू दे."

ताईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या माणसानं आमच्या घरात कधी काही मागून घेतलं नव्हतं. मागायच्या आधीच मिळायचं. आज तो मला विनवत होता. ताई चुलीपाशी उभी होती, तिनं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"तुम्हीच म्हणतलं, कोणती पाहिजे ते पाह्य," मी म्हणालो.

"म्हणतलं," ते म्हणाले. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, गोंड्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्या हातात दिली. ती धडपडली नाही. नुसती मान वळवून त्यांच्याकडं पाहत राहिली.

"बाबू," ताई म्हणाली, "एवढं तं तू तुमचा उमेदवार निवडणुकीत पडल्यावरही ताणत नाही."

"निवडणूक माही नव्हती," मी म्हणालो. "हे माही हाये. रविवारी या पाहायले," असंही दारातून भाटव्यांना सांगितलं.

"येतो न," ते म्हणाले.

रविवारी मी खुराडं झाडलं, नवं गवत घातलं. बैठक होती, गेलो नाही. भाटवे दारात उभे राहतील, तिला उचलायला हात पुढे करतील आणि मी म्हणेन, "राहू द्या, आता हिले इथलीच सवय लागू द्या." एवढं एक सुख मला हवं होतं. ते आले नाहीत. पुढच्या रविवारी नाहीत. त्यानंतर मायच लकडगंजला जाऊन आली आणि तिनं एक कापडी पिशवी माझ्यापुढं टाकली.

"जवाईबापूनं देली. तांदळाची कणी हाये. भिजवून घाल म्हणे. कोरडं खात नाही ते."

"अन् स्वतः काहून नाही आले?"

"म्हणे, मी आलो तं ते माह्यामागं येईन. पोट्ट्याले वाईट वाटीन."

बोलायला त्यांनी मला ठेवलंच काय होतं?

खरं सांगायचं तर तलंग माझी ज्वारी चोच लावून सोडत होती आणि वाळत चालली होती. मी कणी भिजवली आणि पुढं ठेवली. तिनं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. त्या दिवसापासून मी कणीत ज्वारी मिसळू लागलो. आधी चिमूटभर, मग मूठभर, कणी रोज थोडी कमी. पिशवी संपत आली तोवर ती निव्वळ ज्वारी खाऊ लागली, आणि एका दुपारी तिनं आमच्या घरातलं पहिलं अंडं घातलं. लहानसं, दुधाळ रंगाचं, अजून ऊन.

मी पिशवी धुऊन वाळवली आणि मायला म्हणालो, लकडगंजला जाशील तेव्हा परत दे.

"जवायाच्या घरी रिकामी पिशवी पाठवते काय?" माय म्हणाली. "काही तरी घाल त्यात. अंडं तरी घाल."

अंडं माझ्या हातात होतं. ते मी खुराड्यात तलंगेखाली ठेवायला नेलं. पिशवी रिकामीच गेली.